छबूबाईचे कान

पाथरीच्या बसस्थानकावर मी एकतीस वर्षं बोललो. बोललो म्हणजे माईकवर. 'परभणीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे' हे वाक्य मी जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा बायकोला नावाने हाकही मारली नसेल. हुद्दा वाहतूक नियंत्रक, लोक म्हणायचे कंट्रोलर साहेब. आवाज मोठा होता आणि मला त्याचा गर्व होता. स्टँडबाहेर रसवंतीत बसलेला माणूस ग्लास अर्धा टाकून पळत यायचा. त्या एकतीस वर्षांत ज्या बाईने माझ्या तोंडचा एक शब्दही ऐकला नाही, तिच्याबद्दल मला सांगायचं आहे.

छबूबाई लोणवाडीच्या. वय आता साठीच्या पुढे. सकाळच्या गाडीने टोपलं घेऊन येतात, दोन नंबरच्या फलाटाजवळ खांबाला टेकून बसतात आणि संध्याकाळी पाचच्या गाडीने परत जातात. हंगाम बदलतो तसा टोपल्यातला माल बदलतो. बोरं, उकडलेल्या शेंगा, आणि थंडीत जांब, म्हणजे पुण्याकडे ज्याला पेरू म्हणतात ते. पंचविशीच्या आत त्यांना टायफॉइड झाला. ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला. बोलता येतं, पण स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही म्हणून आवाज एकाच उंचीवर चालतो. नवख्या माणसाला वाटतं, बाई भांडायलीय. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना थोडंफार कळतं, बाकीचं त्या अंदाजाने भरून काढतात.

नवरा कधीच वारला. मुलगा आदिनाथ आणि सून बबिता दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते चैत्रापर्यंत येत नाहीत. म्हणजे वर्षातले सहा महिने ही बाई घरी एकटी, आणि कान नसलेली.

माझ्या नोकरीच्या काळात आमची एक रीत पडली होती. लोणवाडीची गाडी लेट असली की मी केबिनमधून बाहेर येऊन छबूबाईंकडे बघून बोटं वर करायचो. एक बोट म्हणजे दहा मिनिटं. चार बोटं दाखवली की त्या कपाळावर हात मारायच्या. गाडी रद्द असली की मी दोन्ही हात झटकायचो, मग त्या माझ्या खात्याला सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा चार शिव्या घालायच्या आणि काळी-पिवळी जीप शोधायला निघायच्या. सगळं स्टँड माझ्या तोंडाकडे बघायचं, ही एक बाई हाताकडे. मला त्याची सवय झाली होती. खरं म्हणजे मला ते आवडायचं.

मग मी रिटायर झालो. माझ्या जागी आलेल्या माणसाला ही बोटांची भानगड कुठून ठाऊक असणार? आणि मलाही कोणाला सांगून जायचं सुचलं नाही. हारतुरे घेतले, घरी गेलो. दोन वर्षांत राजेश्री, माझी बायको, गेली. मुलगी मनिषा पुण्याला, तिचा फोन रविवारी. घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर सकाळी मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, तेवढाच माझा आवाज घरात व्हायचा. एकदा लागोपाठ तीन दिवस मी कोणाशीच बोललो नाही, हे मला चौथ्या दिवशी दूधवाल्याशी बोलताना कळलं. घसा खरखरत होता. त्या दिवशी उठलो आणि स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसलो. तेव्हापासून रोज बसतो. रिटायर झालेला माणूस जुन्या हापिसात घुटमळतो म्हणून मी आयुष्यभर दुसऱ्यांना हसलो, आता माझी पाळी होती.

छबूबाई त्याच खांबाला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली. शेजारी एक तांबूस कुत्रं, एक कान चिरलेला, गळ्यात लाल चिंधी. पाचची वेळ झाली. गाडीला उशीर होता. मी उत्साहाने दोन बोटं वर केली. छबूबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या कुत्र्याकडे बघत होत्या.

गाडीचा ड्रायव्हर योगीराज फाटकातून आत शिरताना दोनदा हॉर्न वाजवतो, ती त्याची सवय. त्या हॉर्नबरोबर कुत्रं उठलं आणि पुढचा पाय त्याने छबूबाईंच्या गुडघ्यावर ठेवला. छबूबाई उठल्या, डोक्यावर चुंबळ ठेवली, वर टोपलं घेतलं आणि निघाल्या. कुत्रं त्यांच्या मागे, डाव्या अंगाला. मधे एक जीप मागे येत होती. कुत्र्याने नाक त्यांच्या पोटरीला लावलं, त्या जागच्या जागी थांबल्या, जीप गेली, पुढे निघाल्या. टोपलं डोक्यावर असलं की मान वळवता येत नाही. पाठीमागचं सगळं त्या कुत्र्यावर सोपवलेलं होतं.

शिकवलं कोणी कोणाला, हे सांगता येणार नाही. मी गेल्यावर वर्षभराने ते पिल्लू त्यांना सापडलं. ते कान टवकारायचं, या वळून बघायच्या. तिथे काहीतरी असायचंच. असं करत करत दोघांचं जमलं. कुत्र्याला नाव नव्हतं. बहिऱ्या बाईने नाव ठेवून हाक कशाला मारायची? त्या जमिनीवर तळहाताने दोनदा थापटायच्या, कुत्रं येऊन टेकून बसायचं. खाणं त्यांच्याच हातचं, दुसऱ्या कोणाचं नाही. स्टँडवरच्या सगळ्यांना ते माहीत होतं. लाल चिंधी दिसली की हमालसुद्धा वळसा घालून जायचे.

अडचण गुरुवारची. गुरुवारी साई मंदिराला येणारे भाविक उतरले की त्यांना कुत्रं दिसायचाच अवकाश. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, तेव्हा गुरुवारी कुत्र्याच्या तोंडात काही पडलं की पुण्य. कोणी पेढा पुढे करायचं, कोणी बिस्किटं, कोणी डोक्यावरून हात फिरवायला वाकायचं. मग छबूबाईंचा आवाज चढायचा.

"देऊ नका! हात लावू नका! कामावर हाय ते!"

लोकांना राग यायचा. पुण्य करायला कोणी नाही म्हणतं का? एका बाईने तर छबूबाईंनाच पेढा दिला आणि कुत्र्याला द्या म्हणाली. छबूबाईंनी तो स्वतः खाल्ला. कुत्रं मात्र तोंड फिरवून बसायचं. समोर पेढा आणि हे तिसरीकडे बघतंय, अशी त्याची ऐट.

मी बाकड्यावरून हे बघून हसायचो. मी काही गुरुवारवाला नाही, मला त्या पुण्याची गरज नाही. म्हणजे पुढे मी जे केलं, त्याला तेवढीही सबब नव्हती.

मला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा. लिहिताना लाज वाटते, पण वाटायचा. माझं काम ते करत होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं करत होतं. माझ्या बोटांना आता कोणी विचारत नव्हतं. आणि त्याच वेळी ते मला फार आवडायचंही. दुपारी स्टँड ओस पडलं, छबूबाईंना खांबाला टेकून डुलकी लागली की ते माझ्याकडे बघायचं. त्या वेळी दुनियेत माझ्याकडे बघणारं तेवढंच एक होतं.

मार्गशीर्षात मी पहिल्यांदा बिस्किट टाकलं. त्याने हुंगलं, सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी साय लावलेली भाकरी आणली. चार दिवस त्याने तोंड लावलं नाही, पाचव्या दिवशी लावलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अख्खं स्टँड ज्याला वश करू शकलं नाही, ते माझ्या हातचं खायलंय. पुढे रोजचंच झालं, छबूबाईंचा डोळा लागायचा तेव्हा. आणि मी त्याला नाव ठेवलं. सोन्या. हळू म्हणायचो, पुटपुटल्यासारखं, आणि त्याचा चिरलेला कान उभा राहायचा. छबूबाई चार हातांवर असायच्या. त्यांच्या देखत हाक मारली तरी त्यांना कळत नसे, हे माझ्या लक्षात आलं आणि मग मी डोळा लागायची वाटही बघेनासा झालो. पाठ वळली की 'सोन्या', शेपटी हलायची. घरी गेल्यावर मला बरं वाटायचं. कोणीतरी आपल्या आवाजाला उठून येतं, एवढ्यावर माझी संध्याकाळ निघायची.

पौष संपत आला होता. पाच वाजले, योगीराजचा हॉर्न झाला, छबूबाई टोपलं घेऊन निघाल्या. त्या दिवशी दुपारभर त्या जाग्या होत्या, माझ्याकडे तोंड करूनच बसलेल्या, त्यामुळे कुत्र्याची आणि माझी गाठ पडली नव्हती. मनिषाचा फोन त्या आठवड्यात आला नव्हता. खिशातलं बिस्किट तसंच होतं, ते मी हातात घेतलं. मी म्हणालो, "सोन्या."

ते थांबलं. छबूबाई पुढे गेल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे आलं.

जीप मागे येताना मला दिसली. मी उभा राहून ओरडलो, "छबूबाई!" तो माझा जुना आवाज होता, माईक नसताना रसवंतीपर्यंत जाणारा. सगळं स्टँड वळलं. फळवाले वळले, कॉलेजची पोरं वळली, केबिनमधला कंट्रोलर बाहेर आला. छबूबाई तेवढ्या चालत राहिल्या.

धक्का फार जोराचा नव्हता, जीपवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला. पण त्या हातावर पडल्या आणि मनगट मोडलं. जांब सगळीकडे घरंगळले. मी धावलो, त्यांना बसतं केलं. त्यांनी पहिल्यांदा पाठीमागे पाहिलं. कुत्रं तिथे नव्हतं. ते माझ्या बाकड्याजवळ सांडलेलं बिस्किट खात होतं. माणसांच्या गराड्यातून त्यांना ते दिसलं नाही.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात त्यांना प्लास्टर घातलं. मी बरोबर गेलो, औषधं आणली, रात्री घरी येऊन पडलो. सांगितलं काहीच नाही. बहिऱ्या माणसाला सांगायचं कसं, असं मी स्वतःला बजावत होतो. ही सबब फार सोयीची होती.

आठ दिवसांनी योगीराज गाडी लावून माझ्या बाकड्याशी आला.

"साहेब, त्या छबूबाईच्या कुत्र्याचं ऐकलं का? उद्या ऊसतोडीच्या टोळीची गाडी कारखान्याकडं जायलीय, तिच्यात घालून द्यायलेत. तिकडं आदिनाथच्या पाचटाच्या कोपीवर बांधून ठिवतेन."

"का बरं?"

"म्हातारी म्हणायलीय, त्याचे कान गेले. त्याला आता ऐकूच येत न्हाई म्हणं. ऐकू आलं असतं तर मला पडू दिलं नसतं."

तो गाडीवर गेला. मी उठलो आणि त्याच्या मागोमाग लोणवाडीच्या गाडीत जाऊन बसलो. एवढी वर्षं मी या गाडीची वेळ सांगितली, पण त्या गावात पाय पहिल्यांदा ठेवला.

छबूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. शेजारची बायनाबाई त्यांची भाकरी करून द्यायला आली होती. कुत्रं अंगणात कडुलिंबाला बांधलेलं. गळ्यात लाल चिंधी नव्हती. मला बघून त्याने शेपटी हलवली, तेव्हा मला त्याच्याकडे बघवलं नाही.

बायनाबाईला मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला.

"अगं माय! आन् तिनं आठ दिस झाले त्याला जवळ घेतलं न्हाई. रडती आन् म्हणती, आमी दोघं बी कामातून गेलो."

"तुम्ही समजावून सांगा त्यांना," मी म्हणालो.

"म्या? माझं तिच्याशी बोलणं म्हंजी जेवलीस का, दुखतंय का, एवढंच. एवढं लांबचं मला सांगता यायचं न्हाई. आन् तुमी केलंय, तर तुमीच सांगा की."

ती चुलीकडे गेली. मी छबूबाईंसमोर उकिडवा बसलो. कुत्र्याकडे बोट केलं, माझ्या छातीवर बोट ठेवलं, ओठ सावकाश हलवून म्हणालो, "चूक माझी." त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं मी कीव करायलोय. "तुमी काय करणार साहेब? तुमी धावले, दवाखान्यात नेलं. त्याचेच दिस भरले."

मग दाखवण्याशिवाय इलाज राहिला नाही.

मी उठून कुत्र्याचं दावं सोडलं. छबूबाईंना खूण केली, थापटा. त्यांनी नाइलाजाने चांगल्या हाताने जमिनीवर दोनदा थापटलं. कुत्रं धावत गेलं आणि अंग टेकून बसलं. मी अंगण ओलांडून फाटकापाशी गेलो. त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो, त्यांना माझे ओठ दिसतील असा. खिशातून बिस्किट काढून हातात धरलं. आणि हाक मारली. फार हळू. बायनाबाईलाही चुलीपाशी ऐकू गेली नसेल.

चिरलेला कान उभा राहिला. कुत्र्याने छबूबाईंकडे पाहिलं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, येऊ नकोस. मग ते उठलं आणि अंगण ओलांडून माझ्याकडे आलं.

छबूबाईंनी माझे ओठ पाहिले होते, त्याचा कान पाहिला होता, बिस्किट पाहिलं होतं. त्यांना आणखी काही सांगायची गरज राहिली नाही. 

"किती दिस झाले?" त्यांनी विचारलं.

मी बोटं वर केली. दोन. आमच्या जुन्या हिशेबात ती वीस मिनिटं होत होती, पण त्यांना या वेळी बरोबर कळलं.

"दोन म्हैने. मला ऐकू येत न्हाई असं नाव ठिवलं तुमी माझ्या कुत्र्याला."

त्यांचा आवाज नेहमीच्याच उंचीवर होता. शिव्या घालतील असं वाटलं होतं, माझ्या खात्याला घालायच्या तशा. त्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमाला कुत्रं पाहिजे हुतं तर पाळायचं. गावात लय पिल्लं हायेत. माझंच कामून?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ओठांवरून वाचण्याजोगं नव्हतं. मला कुत्रं नको होतं. कोणीतरी हाकेला यावं, एवढंच हवं होतं, आणि ज्या बाईचं सगळं त्या एका जिवावर चाललं होतं, तिच्याकडूनच मी ते उचललं. मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे बघायचं सोडून जमिनीवर दोनदा थापटलं. कुत्रं गेलं. कोनाड्यातली लाल चिंधी त्यांनी काढली, एका हाताने गाठ बसेना, दातात धरून बसवली. मी पुढे झालो तसा त्यांनी हात आडवा धरला.

"हात लावू नका. हाक मारू नका. खायाला देऊ नका. आन् ते बघायलंय म्हणून तुमी त्याच्याकडं बघू बी नका. त्याला वाटतं, बोलवायलेत."

मी मान हलवली. परतीची गाडी नव्हती, मुख्य रस्त्यापर्यंत चालत आलो.

टोळीच्या गाडीत कुत्रं गेलं नाही. फाल्गुनात छबूबाई पुन्हा खांबाला टेकून बसायला लागल्या. मनगट थोडं वाकडं राहिलंय, टोपलं उचलायला वेळ लागतो. मीही बाकड्यावर असतो. घरी बसून बघितलं, जमलं नाही. बाकडं तेवढं बदललं, आता पार पलीकडच्या कोपऱ्यातलं.

छबूबाई मला मान हलवत नाहीत. गाडीला उशीर झाला की माझी बोटं आपोआप वर येऊ बघतात, मी ती खिशात घालतो. गुरुवारी मात्र मी उठतो. पेढा घेऊन कोणी वाकायला लागलं की जवळ जाऊन सांगतो, ते कुत्रं कामावर आहे, त्याला हात लावू नका, खायला देऊ नका. परवा एका भाविकाने विचारलं, "तुमचं का?" मी म्हणालो, "माझं नाही." छबूबाईंची पाठ माझ्याकडे होती.

पहिले काही दिवस ते दुपारी माझ्याकडे यायचं. चार पावलांवर उभं राहायचं, चिरलेला कान उभा करून. मी समोरच्या वेळापत्रकाच्या फळ्याकडे बघत बसायचो. ती अक्षरं मला पाठ आहेत, तरी वरपासून खालपर्यंत वाचायचो. सेलू, मानवत, सोनपेठ, गंगाखेड. ते वाट बघायचं आणि परत जायचं. मग यायचं बंद झालं. आता पाचचा हॉर्न झाला की ते उठतं, गुडघ्यावर पाय ठेवतं, आणि दोघं निघतात. ते एकदाही मागे वळून बघत नाही. असंच व्हायला हवं होतं, आणि ते रोज माझ्या मनाला लागतं.

ते नाव मी त्यानंतर तोंडाने घेतलेलं नाही. एकट्याने घरीसुद्धा नाही. इथे लिहिलंय तेवढंच. लिहिलेलं कुत्र्याला ऐकू जात नाही, आणि छबूबाईंना वाचता येत नाही.